वाळवंटास सहकुटुंब, सहपरिवार भेट

अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंट पाहण्यास सर्वांत योग्य काळ म्हणजे जुलैचा पहिला आठवडा होय. त्या वेळी मुलांना सुट्टी असते, चार जुलैला जोडून रजा मिळते आणि सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या आईवडिलांना दाखवण्यासारखे आपल्या गावातले सर्व काही, म्हणजे देऊळ, मॉल आणि भारतीय किराणा दुकान, एव्हाना दोनदोनदा दाखवून झालेले असते. एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये जावे, तेव्हा हवा सुखद असते, असे सांगणारे लोक भेटतील. त्यांना मुले नसतात, किंवा त्यांना मुलांच्या परीक्षांची काळजी नसते. कोणी उन्हाची भीती घातलीच, तर ‘आमचे वडील मूळचे चंद्रपूरचे’ एवढे एकच वाक्य उच्चारावे. डेथ व्हॅलीतील फर्नेस क्रीक येथे १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली आहे आणि तेथील तापमान दाखवणाऱ्या पाटीशेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेण्यासाठी लोक भर उन्हाळ्यात मुद्दाम येतात. आपणही त्या रांगेत उभे राहावे. तेथील हवा इतकी कोरडी असते की घाम येतो आणि येताक्षणी उडून जातो. आपल्याला घामच येत नाही, म्हणजे ऊन बाधत नाही, असा निष्कर्ष काढून पाण्याची बाटली गाडीतच ठेवावी.

प्रवासाची आखणी करताना नकाशा शक्य तितका लहान घ्यावा. लहान नकाशावर झायन, ब्राइस, मोआब, मॉन्युमेंट व्हॅली, पेज, ग्रँड कॅन्यन आणि डेथ व्हॅली ही सर्व ठिकाणे चार बोटांत मावतात, त्यामुळे ती आठ दिवसांत बसवणे सोपे जाते. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर उभे राहिले की उत्तर कडा समोर दिसतो; अंतर सरळ रेषेत जेमतेम १६ किलोमीटर. ‘जेवून पलीकडे जाऊन येऊ’ असे आपण सहज म्हणावे. मधे एक दरी असल्यामुळे गाडीने जाण्यास सुमारे ३५० किलोमीटर आणि पाच तास लागतात, ही गोष्ट सर्वजण गाडीत बसून पट्टे बांधून झाल्यावर सांगावी, म्हणजे आनंद टिकून राहतो. पेट्रोल पुढच्या गावात भरावे. पुढचे गाव नक्की कुठे आहे, हे फोनवर पाहता येईल असे समजून चालावे. फोनला तेथे रेंज नसते, पण ते नंतर कळते.

तंबू नवा घ्यावा आणि तो घराच्या अंगणात एकदाही उभारून पाहू नये. तंबू ठोकण्याची खरी मजा रात्री साडेनऊ वाजता, दगडासारख्या घट्ट जमिनीवर, वारा सुटलेला असताना, गाडीच्या दिव्यांच्या उजेडात आणि वडिलांच्या मार्गदर्शनाखाली येते. तंबूच्या जागा सहा महिने आधी आरक्षित होऊन संपतात, असे संकेतस्थळावर लिहिलेले असते, परंतु रेंजरला प्रत्यक्ष भेटून सोबत वडीलधारी मंडळी असल्याचे सांगितले की काहीतरी मार्ग निघेल, असा विश्वास बाळगावा. हा विश्वास आपण एस. टी. स्थानकावर मिळवलेला आहे आणि तो येथे का चालत नाही, याचे उत्तर त्या हसतमुख रेंजरकडेही नसते.

कुकर मात्र अवश्य न्यावा. हा सल्ला मी गांभीर्याने देत आहे. दक्षिण कडा समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे, तेथे पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळते आणि साध्या पातेल्यात तूरडाळ शिजण्याची वाट पाहताना माणूस वैराग्याला लागतो. तंबूस्थळी रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ असते, हे खरे. परंतु कांदेपोह्यांनंतर लगेच दुपारच्या डब्याचा वरणभात व्हायचा असेल, तर पहाटे साडेपाचला पहिली शिट्टी व्हायलाच हवी. शेजारच्या तंबूतील मंडळी दचकून बाहेर आली, तर त्यांना चहा द्यावा. काहीजण घेतात.

आता फलकांविषयी. या प्रदेशात ठिकठिकाणी सूचनांचे फलक लावलेले आढळतात. ते वाचावेत, त्यांच्यापुढे मुलांना उभे करून छायाचित्र घ्यावे आणि ते इतरांसाठी आहेत हे मनाशी पक्के करून पुढे निघावे. ग्रँड कॅन्यनमध्ये नदीपर्यंत उतरून त्याच दिवशी परत वर येण्याचा प्रयत्न करू नका, असे बजावणारा एक फलक आहे. त्यावर हातापायांवर ओणवा होऊन ओकणाऱ्या एका धडधाकट तरुणाचे चित्र आहे आणि दरवर्षी अडीचशेहून अधिक लोकांना या दरीतून सोडवून आणावे लागते, अशी माहितीही पर्यटकांना दिली जाते. चित्रातला मनुष्य आपण नव्हे, हे उघडच आहे. आपण दर रविवारी सिंहगड चढत होतो, असे आपण चौदा वर्षांपूर्वीच्या रविवारांच्या आधारे म्हणू शकतो. सिंहगडाची एक लहानशी अडचण अशी की तो आधी चढायचा असतो आणि दमलेला माणूस अर्ध्यातून खाली उतरू शकतो. दरीत नेमके उलटे असते: सकाळच्या गारव्यात, उतारावर, गप्पा मारत सर्व कुटुंब पाखरासारखे खाली जाते आणि परतीचा चढ, ज्याला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरावा लागतो, तो भर दुपारी सुरू होतो. तोवर वर कड्यावर तीस अंशांच्या आत असलेले तापमान आत खोलवर चाळीस अंशांच्या पुढे गेलेले असते. शिवाय तळाशी नऊवारी नेसलेली कोणी मावशी पिठलंभाकरी आणि मडक्यातले दही घेऊन बसलेली नसते, ही उणीव अमेरिकेच्या उद्यान खात्याने अजून दूर केलेली नाही. दहा ते चार या वेळेत चालू नका, असेही रेंजर सांगतात, परंतु आंघोळी, पोहे आणि दुसरा चहा आटोपून आपण निघतो तेव्हा साडेदहाच वाजलेले असतात. एका बाबतीत मात्र आपली परंपरा त्यांच्या शास्त्राशी जुळते. उन्हात नुसतेच पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम धोकादायक रीतीने उतरू शकते, म्हणून पाण्याबरोबर खारट काहीतरी खा, असे तेथे बजावतात. तेव्हा आईंनी आणलेला चिवडा थैलीत वरच्या बाजूस ठेवावा. तो खारींना घालू नये. खारी गोंडस दिसतात, हातातून दाणा घेतात आणि त्याबरोबर बोटही घेतात. खारीचे चावे ही तेथील नेहमीची दुखापत आहे. पण हाही एक फलकच झाला.

नवाहो या अमेरिकेतील मूळ रहिवासी लोकांच्या प्रदेशात शिरल्यावर दोन गोष्टी आपल्या स्वाभिमानाला टोचतील. राष्ट्रीय उद्यानांचा वर्षाचा पास मॉन्युमेंट व्हॅलीत चालत नाही, कारण ती भूमी नवाहो राष्ट्राची आहे. तेथे पास पुन्हा पुन्हा दाखवून पाहावा. दुसरी गोष्ट घड्याळाची. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करतात; अॅरिझोना राज्य करत नाही, त्यातील नवाहो राष्ट्र करते आणि नवाहो राष्ट्राने वेढलेला होपी लोकांचा प्रदेश करत नाही. त्यामुळे शंभरएक मैलांत फोनवरील वेळ मागेपुढे उड्या मारते. सोबत पंचांग जाणणारे कोणी असल्यास त्यांना विचारावे.

याच भूमीवर अँटिलोप कॅन्यनची ती लाटालाटांची, केशरी भिंतींची अरुंद घळ आहे, जिचे छायाचित्र आपण संगणकाच्या पडद्यावर शंभरदा पाहिले आहे. वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत, याबद्दल कुरकुर करण्याची पद्धत आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी कित्येक मैल दूर पडलेल्या पावसाचा लोंढा त्या घळीत शिरला आणि अकरा पर्यटक वाहून गेले. घळीपाशी म्हणावा असा पाऊस नव्हता. कुरकुर करायची असेल तर त्यानंतर करावी.

कोकणातील आणि घाटावरील पाऊस पाहिलेल्या माणसाला वाळवंटातील पाऊस म्हणजे शिंतोडे वाटतात. रस्त्यावरून पाणी वाहत असेल आणि अडथळे उभे करून रस्ता बंद केलेला असेल, तरी आपली गाडी उंच असल्याचे स्मरून पुढे घालावी. अॅरिझोनात अशा चालकांसाठी १९९५ सालापासून स्वतंत्र कायदा आहे आणि अडथळा ओलांडून अडकलेल्याकडून सुटकेचा खर्च वसूल करण्याची त्यात तरतूद आहे. लोक त्याला सरळ ‘मूर्ख वाहनचालक कायदा’ म्हणतात. आपल्या नावाने नसला, तरी आपल्यासाठी एखाद्या राज्याने कायदा केला आहे, ही जाणीव सुखावणारी असते.

पायवाट सोडून चालण्याचा मोहही आवरू नये. मोआबच्या आसपास जमिनीवर काळपट, खडबडीत पापुद्रा दिसतो. तो सूक्ष्मजीव, दगडफुले आणि शेवाळ यांचा जिवंत थर असतो, वाऱ्याने माती उडू नये म्हणून तो तिला धरून ठेवतो आणि एका पावलाने मोडला की भरून येण्यास दशके लागू शकतात. म्हणजे आपल्या चिरंजिवांचे पाऊल नातवंडांना दाखवता येईल. चोया नावाच्या निवडुंगाला मात्र हात लावू नये. लावलाच, तर काटे उपटण्यासाठी आईंच्या पर्समधील कंगवा मागून घ्यावा. तेथील जाणकारही कंगवाच वापरतात.

परतीच्या वाटेवर पेट्रिफाइड फॉरेस्ट लागते. सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे तेथे रंगीत दगड झाले आहेत आणि ते उचलू नयेत, असे फलक अर्थातच आहेत. तसाच दगड बाहेरच्या दुकानांत, खासगी जमिनीतून आणलेला, रीतसर विकत मिळतो, पण फुकट आणलेल्या दगडाची शोकेसमधील शोभा निराळी. असे दगड नेणारे पुष्कळजण पुढे ते टपालाने परत पाठवतात आणि सोबत क्षमापत्र जोडतात: दगड आणल्यापासून नोकरी गेली, पाय मोडला, घरात आजारपण सुरू झाले, कृपया हा परत ठेवावा. ही पत्रे उद्यानाने जपून ठेवली आहेत. दगड मात्र मूळ जागी जात नाहीत, कारण ती जागा आता कोणालाच ठाऊक नसते. आडवाटेला एक ढीग आहे, त्यावर ते टाकले जातात. आपणही एक छानसा, मुठीत मावेल असा तुकडा निवडावा आणि निघण्यापूर्वी उद्यानाचा टपाल पत्ता नीट लिहून घ्यावा.