खाजगी मालकीचं पाणीपुरवठ्याचं धरण: मालक कोण यापेक्षा तपासतो कोण, ते विचारा

१९ ऑगस्ट १९१७ रोजी तिघरा धरण फुटलं. सांक नदीवरचं दगडी बांधकामाचं धरण, उंची २४ मीटर, लांबी १,३४० मीटर, ग्वाल्हेर दरबारनं बांधलेलं. खडकवासल्याला १९०३ मध्ये पहिल्यांदा बसलेले विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे इथेही होते. त्या पुरात पाणी माथ्यावरून सुमारे ८५ सेंटिमीटर चढून वाहिलं आणि भिंतीचे दोन मोठे भाग अख्खेच्या अख्खे पुढे ढकलले गेले. पायाच्या वालुकाश्मात पाणी शिरलं होतं. पुढे तेच धरण पुन्हा उभं राहिलं आणि आज ग्वाल्हेरच्या मोतीझील केंद्रातून शुद्ध होऊन घरोघरी येतं ते त्याचंच पाणी. म्हणून ‘धरण कंपनीच्या मालकीचं असावं का’ या वादात ग्वाल्हेरकरांनी तरी हिशोबानं बोलावं, असं मला वाटतं.

कंपनीच्या मालकीला माझी हरकत नाही. जमशेदपूरला पाणी देणारा डिमना जलाशय टाटा स्टीलनं बांधला. इंग्लंडमध्ये १९८९ पासून पाणीपुरवठा खाजगी कंपन्यांकडे आहे आणि त्यांच्या ताब्यात शेकडो जलाशय आहेत. उलट आपल्याच मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यातलं कारम धरण ऑगस्ट २०२२ मध्ये बांधकाम चालू असतानाच गळू लागलं, १८ गावं रिकामी करावी लागली, आणि शेवटी बाजूनं चर खणून पाणी काढून द्यावं लागलं. ते सरकारी होतं. माझी हरकत आहे ती मालकानं स्वतःच तपासायचं आणि स्वतःच ‘सर्व ठीक’ लिहून द्यायचं, याला.

दगडी धरण पाणी अडवतं ते स्वतःच्या वजनावर. २४ मीटर उंच, तळाशी १७ मीटर रुंद अशी त्रिकोणी भिंत धरा (हे आकडे तिघऱ्याचे नाहीत, समजण्यापुरते आहेत). तिच्या एक मीटर लांबीच्या पट्ट्याचं वजन साधारण ४६९ टन. तलाव काठोकाठ भरला की पाणी त्या पट्ट्याला २८८ टनांनी आडवं ढकलतं. घर्षणाचा गुणांक ०.७ धरला तर तळ कोरडा असताना भिंत ३२८ टनांपर्यंत धक्का सोसते, म्हणजे जागची हलत नाही. पण पाणी पायाच्या खडकात शिरलं की ते भिंतीला खालून वर उचलतं. निचराच नसेल तर ही उचल २०४ टन भरते. मग उरलेलं वजन २६५ टन आणि घर्षण फक्त १८६ टन. समोरून धक्का तोच, २८८ टनांचा. उरलेली सगळी भिस्त भिंत आणि खडकाच्या पकडीवर, आणि वालुकाश्माच्या थरांमध्ये मऊ शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला खडक) असेल तर ती पकड कच्ची असते.

यावर उपाय म्हणजे पायात घेतलेली निचऱ्याची छिद्रं. साधारण ७५ मिलिमीटर व्यासाची, तीन-तीन मीटरवर. ती नीट वाहती असली की उचल निम्म्यावर येते आणि घर्षण २५७ टनांपर्यंत चढतं. मोठ्या भिंतीचा जीव इतक्या बारीक छिद्रांत असतो आणि नेमकं तेच काम सगळ्यात आधी टळतं. चुन्याचा थर बसून छिद्रं बुजतात. दरवर्षी पाण्याच्या जोरानं धुवावी लागतात, कधी पुन्हा छिद्र पाडावं लागतं. गॅलरीत, म्हणजे भिंतीच्या पोटातल्या बोगद्यात, उतरून एकेका छिद्रातून मिनिटाला किती लिटर येतंय ते मोजायचं असतं. पाणी वाढलं तर काळजी करायची. कारण नसताना एखादं छिद्र कोरडं पडलं तर त्याहून जास्त करायची, कारण बहुधा ते बुजलेलं असतं.

कारखान्याच्या धरणाचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. पेन्सिल्व्हेनियातल्या ऑस्टिन गावाच्या वरच्या अंगाला एका कागद गिरणीनं १९०९ मध्ये पाण्यासाठी ५० फूट उंच काँक्रीटचं धरण बांधलं. जाडी ३० फूट ठरली होती, खर्च वाचवायला २० फुटांवर आणली. खाली वालुकाश्म आणि शेलचे थर. जानेवारी १९१० मध्ये भिंत तळाशी जवळपास दीड फूट सरकली. तलाव रिकामा करायची धड सोय नसल्यानं सुरुंग लावून माथा फोडून पाणी सोडावं लागलं. अभियंत्यानं दुरुस्ती सुचवली, गिरणीनं ती पुरी केली नाही आणि तलाव परत भरू दिला. ३० सप्टेंबर १९११ ला धरण गेलं, ७८ माणसं मेली. भिंत सरकलेली सगळ्यांना दिसत होती. पण ‘भरू नका’ असं मालकाला बजावू शकेल असं त्याच्या वर कोणी नव्हतं.

पाणीपुरवठ्याच्या धरणाचा एक स्वभाव असतो: ते भरलेलंच हवं असतं. पूरनियंत्रणाचं धरण पावसाळ्यात रिकामं ठेवणं हेच त्याचं काम. इथे मात्र प्रत्येक फूट म्हणजे पुढच्या मे महिन्याचं पाणी, आणि मालक कंपनी असेल तर विक्रीचा माल. त्यात आपल्याकडचं ऊन. दहा हजार वस्तीचं गाव माणशी १३५ लिटरप्रमाणे दिवसाला १,३५० घनमीटर पाणी वापरतं. तलाव २५ हेक्टरवर पसरलेला असेल आणि दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तर २,००० घनमीटर नुसतं उडून जातं. गाव पितं त्यापेक्षा जास्त! म्हणून शहाणा मालक उथळ, पसरट तलाव टाळून अरुंद घळीत उंच भिंत बांधतो. पाण्याच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. पण उंची वाढली की धोकाही वाढतो, आणि तो धोका मालकाच्या नाही, खालच्या गावाच्या अंगणात असतो.

तळाच्या दरवाजाचं महत्त्व इथे कळतं. आत्ताच सांगितलेल्या दहा हजार वस्तीच्या गावाला पाणी द्यायला सेकंदाला जेमतेम १६ लिटर पुरतात. पण त्याच तलावात दहा लाख घनमीटर पाणी असेल आणि भिंतीला तडा दिसल्यावर पाच दिवसांत साठा निम्मा करायचा असेल, तर सेकंदाला १,१६० लिटर सोडावे लागतील. शिवाय वरून येणारं पाणी वेगळंच. खर्च वाचवायला निघालेला मालक पुरवठ्याचा नळ टाकतो आणि रिकामं करायचा मोठा मार्ग गाळतो. ज्यांनी तो ठेवलेला असतो त्यांच्याकडेही गाळ बसून दरवाजा गाडला जातो, कारण वर्षानुवर्षं तो कोणी उघडलेलाच नसतो. दर पावसाळ्यात एकदा तरी तो पूर्ण उघडून गाळ वाहू द्यायला हवा. पाणी वाया जातं अशी ओरड होईल, ती होऊ द्यावी.

सांडव्याच्या दरवाजांचंही तेच. १५ जूनच्या आत प्रत्येक दरवाजा त्याच्यापुढे स्टॉपलॉग (पाणी तात्पुरतं अडवायच्या आडव्या फळ्या) टाकून पूर्ण उंचीपर्यंत उचलून बघावा, सहा इंच हलवून ‘चाचणी झाली’ लिहू नये. डिझेल जनरेटर भार देऊन अर्धा तास चालवावा. बहुतेक वेळा इंजिन ठणठणीत असतं आणि बॅटरी मेलेली असते. हाताच्या चरख्यानं एक दरवाजा उचलायला किती वेळ लागतो तेही मोजून भिंतीवर लिहून ठेवावं. पुरात वीज जाते, रस्ता बुडतो आणि कर्मचारी पलीकडे अडकतो. म्हणून लहान खाजगी धरणाला दरवाजांऐवजी सरळ खुला सांडवा असावा, असं माझं ठाम मत आहे. साठा थोडा कमी होईल, पण रात्री दोन वाजता कोणी तिथे पोचण्यावर काही अवलंबून राहणार नाही.

मातीच्या धरणात पायथ्याशी पाझर मोजायची व्ही-नॉच, म्हणजे इंग्रजी V च्या आकाराची खाच, असते. ९० अंशांच्या खाचेवर पाणी १० सेंटिमीटर चढलं तर सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, २० सेंटिमीटर चढलं तर जवळपास २५ लिटर. उंची दुप्पट, पाणी साडेपाच पटीहून जास्त. त्यामुळे ‘थोडंच वाढलंय’ हे डोळ्यांनी ठरवायचं काम नाही. आणि पाणी गढूळ दिसलं तर आकडाही बाजूला ठेवावा, कारण मग भिंतीची मातीच वाहून चाललेली असते. काचेच्या बाटलीत नमुना रात्रभर ठेवला की तळाशी काय बसतं ते सकाळी दिसतं. उतारावरची झाडंही लहानपणीच काढावीत. मोठं झाड वाळलं की त्याच्या कुजलेल्या मुळांच्या वाटेनं पाणी मार्ग काढतं.

आपल्याकडे धरण सुरक्षा कायदा, २०२१ आहे आणि त्यात कंपनीही मालक म्हणून येते. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, आपत्कालीन कृती आराखडा, स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष मूल्यमापन, देखभालीसाठी निधी, सगळं मालकावर बंधनकारक. पण हा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो. १० ते १५ मीटरमध्ये लांबी, साठा वगैरे अटींपैकी एखादी बसली तरच. नऊ मीटरचा कारखान्याचा किंवा फार्महाऊसचा बंधारा, खाली वस्ती असली तरी, सुटतो. इंग्लंडमध्ये २५,००० घनमीटरच्या वरचा जलाशय, मग उंची कितीही असो, कायद्याखाली येतो. त्यातले जास्त धोक्याचे ठरवलेले जलाशय स्वतंत्र अभियंता निदान दहा वर्षांतून एकदा तपासतो आणि सुरक्षेसाठी त्यानं सांगितलेलं काम मालकाला टाळता येत नाही. आपल्या राज्यानं उंचीबरोबर साठा आणि खालची वस्ती हे दोन्ही निकष लावावेत. त्यासाठी दिल्लीची वाट बघायची गरज नाही.

पैशाचा प्रश्न राहतो. मिशिगनमधल्या एडनव्हिल या खाजगी धरणाचा वीजनिर्मितीचा परवाना सांडवा अपुरा म्हणून २०१८ मध्ये रद्द झाला. पण धरण आणि तलाव जागेवरच राहिले, मे २०२० मध्ये ते फुटलं, सुमारे दहा हजार लोकांना घरं सोडावी लागली, आणि मालक कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनी बुडू शकते, विकली जाऊ शकते, भिंत मात्र तिथेच उभी असते. म्हणून परवानगी देतानाच दुरुस्तीची आणि गरज पडल्यास धरण मोडून काढण्याची रक्कम वेगळ्या खात्यात आधीच जमा करून घ्यावी. कंपनीच्या ताळेबंदात नुसती दाखवलेली चालणार नाही.

तुमच्या गावाच्या वर असं धरण असेल तर ग्रामसभेत चार कागद मागा: पावसाळ्याआधीच्या तपासणीचा अहवाल आणि त्यावर सही कुणाची, पाझराच्या गेल्या तीन वर्षांच्या नोंदी, तळाचा दरवाजा शेवटचा पूर्ण कधी उघडला त्याची तारीख, आणि धरण फुटल्यास पाणी तुमच्या शाळेपर्यंत किती मिनिटांत पोचेल त्याचा नकाशा. चौथा कागद नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.