बालगृहातल्या पोरांना अठराव्या वर्षी सगळं आयतं मिळतं म्हणे

गेला आठवडाभर एक फॉरवर्ड सांगलीतल्या निम्म्या ग्रुपवर फिरतोय, मला स्वतःला चार ठिकाणाहून आला, सोसायटीच्या, माहेरच्या, भिशीच्या आणि घरमालकांच्या. त्यात काय आहे थोडक्यात सांगते. बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांना सरकार 21 वर्षांपर्यंत सांभाळतं, महिन्याला 4000 देतं, घरकुल देतं, नोकरीत आरक्षण देतं, वसतिगृहं आहेत, नातेवाईक असतातच, मुलींची तर संस्थाच लग्नं लावून देते, आणि एवढं करून ही मुलं वाया जातात, तर अशांना खोली देऊ नका, उद्या काही झालं तर घरमालक अडकतो. खाली हात जोडलेले आणि 'जनहितार्थ'.

विश्रामबागला आमच्या घरावर सहा खोल्या आहेत, मिस्टर रिटायर झाल्यावर बांधल्या, चौदा वर्षं भाडेकरू बघतेय, कॉलेजची पोरं आणि कुपवाड एमआयडीसीतली कामगार पोरं जास्त करून. त्यातला एक, तीन वर्षांपूर्वी आलेला, बालगृहात वाढलेला. त्यामुळं यातलं थोडंफार मला जवळून माहितेय, आणि जे माहीत नव्हतं ते त्याच्या फायलीतले कागद वाचून वाचून कळलं.

आधी ते 21 वर्षांचं. 2015 चा बाल न्याय कायदा आहे, त्यात 18 पूर्ण झाल्यापासून 21 पर्यंत मदतीची तरतूद आहे, खरंय, त्याला सरकारी भाषेत अनुरक्षण म्हणतात, नियमांत तर अपवाद म्हणून 23 पर्यंत वाढवता येतं असंही लिहिलंय. पण कलम 46 नीट वाचा. त्यात मुलाला आर्थिक साहाय्य 'देता येईल' असं आहे, द्यावंच लागेल असं नाही. हा 'येईल' कुणाच्या टेबलावर येतो आणि कुणाच्या नाही यावर त्या पोराची पुढची तीन वर्षं ठरतात. 2016 च्या केंद्राच्या आदर्श नियमांत चांगलं काय काय आहे, सहा ते आठ जणांनी एकत्र राहायचं तात्पुरतं घर, शिकताना स्टायपेंड, समुपदेशक, धंद्याला कर्ज. आणि मूल बाहेर पडायच्या दोन महिने आधी परिविक्षा अधिकाऱ्यानं, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरनं, त्याचा पुढचा आराखडा करून बाल कल्याण समितीपुढं, म्हणजे अशा मुलांना कुठं ठेवायचं ते ठरवणाऱ्या समितीपुढं, ठेवायचा. आमच्याकडच्या पोराला विचारलं, तुझा आराखडा काय होता रे, तर म्हणाला, काकू, मला सरांनी विचारलं होतं पुढं काय करणार, मी म्हटलं आयटीआय, सरांनी लिहून घेतलं.

आणि एक गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. त्याची जन्मतारीख 1 जून. त्याच्या दोन मित्रांची पण 1 जून. आपल्या पिढीतल्या निम्म्या लोकांची मास्तरांनी शाळेत घातलेली तारीख तीच असते, आपण त्यावर हसतो, केकसुद्धा कापतो. पण या पोरांची अठरा वर्षं 1 जूनला पूर्ण होतात तेव्हा बारावीचा निकाल नुकताच लागलेला, ॲडमिशन व्हायची असते, हॉस्टेलं उघडलेली नसतात, आणि पाऊस तोंडावर. तेवढ्यात ट्रंक उचलायची.

आता 4000. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत महिना 4000 आहेत, हे खोटं नाही. पण ते आपोआप सुरू होत नाहीत, अर्ज, समितीचा आदेश, जिल्ह्याची मंजुरी, बँक खातं, आणि मग वाट बघायची. आमच्याकडच्याचे पहिले पैसे आले ते सहा महिन्यांचे एकदम, तोपर्यंत त्यानं एका वर्कशॉपमध्ये ओव्हरटाइम मारून दिवस काढले होते. बरं, दर महिन्याला वेळेवर येतात असं धरू. माझ्या सिंगल रूमचं भाडं 3500, लाइट वेगळं. राहिले 500. कॉट बेसिसवर गेला तर 1800 आणि दोन वेळचा डबा 2800, झाले 4600, अजून साबण पण आला नाही यात. आणि डिपॉझिट? मी 15000 घेते, आमच्या गल्लीत 20 घेणारे पण आहेत. ज्याच्यामागं कुणी नाही त्यानं अठराव्या वर्षी 15000 आणायचे कुठून, फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं तेवढं सांगायचं होतं. तुमच्या माझ्या पोराचं डिपॉझिट आपण जीपे केलेलं असतं, त्यानं फक्त गादी उचलून आत टाकलेली असते.

स्वस्तात मिळतात की खोल्या, असं आमच्या घरमालकांच्या ग्रुपवर एकानं लिहिलं. मिळतात. कर्नाळ रोडला, दत्तनगरला दोन हजारात पण मिळत असतील, का मिळतात ते सांगलीकराला सांगायला नको. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी 45. तेव्हा तिकडची माणसं पाहुण्यांकडं गेली, कोण मिरजेला, कोण तासगावला, कोण थेट कराडला. ज्याला पाहुणाच नाही त्याला स्वस्त खोली म्हणजे पुरात शाळेचा वर्ग.

घरकुल. हे तर मला कळलंच नाही कुठून आलं. गावाकडच्या प्रधानमंत्री आवासमध्ये सपाट भागात 1 लाख 20 हजार मिळतात ते घर बांधायला, आणि जागा? ती आपली लागते नाहीतर सरकारनं द्यावी लागते. यादीत नाव कुटुंबाचं लागतं. शहरातल्या योजनेत सगळ्यात दुर्बल गटासाठी उत्पन्न 3 लाखाच्या आत हवं, ते तर त्याचं आहेच, सवालच नाही, पण तिथं सरकार घराच्या किमतीतला एक तुकडा देतं, बाकीचं कर्ज. एकोणीस वर्षांच्या अप्रेंटिसला कोणती बँक गृहकर्ज देते ते मला पण सांगा, माझा भाचा दोन वर्षं बँकांचे उंबरे झिजवतोय.

आरक्षण आहे, 2018 पासून अनाथांना 1 टक्का, शिक्षणात आणि सरकारी नोकरीत. चांगलाच निर्णय, त्यात वाद नाही. पण त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं आणि बालगृहातली सगळी मुलं अनाथ नसतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. कित्येकांची आई असते, बाप असतो, असून नसल्यासारखा. त्यांना ते प्रमाणपत्र मिळत नाही. आणि मिळालं तरी परीक्षेची तयारी करायला दोन-चार वर्षं कुठंतरी राहावं लागतं ना, पुण्याला पेठेत कॉट घेऊन पोरं अभ्यास करतात ती बापाच्या पैशावर करतात. आरक्षण म्हणजे पुढची नोकरी, आज रात्री पाठ कुठं टेकायची याचं उत्तर त्यात नाही.

नातेवाईकांचं एका वाक्यात संपतं खरं तर. नातेवाईकांकडं सुरक्षित असतं तर बाल कल्याण समितीनं त्याला संस्थेत ठेवलंच नसतं, कारण कायद्याचंच म्हणणं आहे की संस्था हा शेवटचा उपाय. आमच्याकडच्याची आई आहे, जत तालुक्यात, ऊसतोडीला जाते, दुसरा नवरा दारूडा, ज्याच्या मारामुळं हा आठव्या वर्षी बाहेर काढला त्याच घरात अठराव्या वर्षी परत जा म्हणायचं? महिन्यातून एकदा तो आईला मिरज स्टेशनवर भेटतो. घरी जात नाही.

वसतिगृहांच्या मुद्द्यावर फॉरवर्डमध्ये कर्मवीर अण्णांचं नाव घातलंय, गरिबाची पोरं रयतच्या बोर्डिंगात राहून मोठी झाली, यांना काय धाड भरलीय वगैरे. अण्णा आपल्याच वाळवा तालुक्यातल्या ऐतवड्याच्या घराण्यातले, म्हणून जरा जास्त लागलं मला. साताऱ्याला 1924 ला त्यांनी बोर्डिंग काढलं, 1927 ला गांधीजींनी त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं, मुलं स्वतः रांधायची, राबायची, शिकायची, सगळं खरं. पण त्या मुलांना जेवायला धान्य संपलं तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रापर्यंत, हेही शाळेत शिकलोय ना आपण? म्हणजे कुणीतरी आधी छप्पर दिलं, ताट दिलं, मग ती पोरं कमवायला आणि शिकायला उभी राहिली. हे उदाहरण त्या फॉरवर्डच्या बाजूचं नाहीच मुळी.

आणि आजची वसतिगृहं कॉलेजच्या ॲडमिशनला बांधलेली असतात. कोर्स संपला, की खोली संपली. नापास झाला, की खोली गेली. दिवाळीत मेस बंद, सगळी पोरं गावाला. आमच्याकडं येण्याआधी तो एक वर्ष अशाच एका हॉस्टेलला होता, दिवाळीत पाच दिवस वॉचमनच्या खोलीत झोपला, वॉचमन भला माणूस म्हणून.

मुलींचं. हा मुद्दा वाचून मला खरंच राग आला. 'संस्थाच लग्नं लावून देते' हे सोय म्हणून लिहिलंय! आपल्या भागात शेतकरी मुलांना मुली मिळत नाहीत हे सगळ्यांना माहितेय, तीस-पस्तीस वर्षांचे नवरदेव घेऊन लोक संस्थांचे दरवाजे ठोठावतात, आणि अठरा पूर्ण झालेल्या मुलीपुढं दोनच रस्ते असतात, खोली नाहीतर नवरा, त्यातली खोली कुणी देत नाही. काही संसार चांगले होतात, मी नाही म्हणत नाही, पण नाही जमलं तर तिनं माहेर म्हणून कुठं जायचं? नोकरी करणाऱ्या महिलांची होस्टेलं आहेत, सरकारी मदतीची, आता त्यांना सखी निवास म्हणतात, पण जुन्या नावातच आलं, आधी नोकरी पाहिजे, नाहीतर निदान नोकरीसाठीचं ट्रेनिंग तरी.

राहता राहिला शेवटचा मुद्दा, खोली देऊ नका, घरमालक अडकतो.

मी पण एकदम मोठ्या मनानं दिली नव्हती, खोटं कशाला सांगू. तो आला तेव्हा संध्याकाळ होती, लोखंडी ट्रंक, एक प्लास्टिकची फाइल, इस्त्रीचा शर्ट. मी नेहमीसारखं म्हटलं वडिलांना घेऊन ये, मग ठरवू. तो म्हणाला वडील नाहीत. मग आई? येऊ शकत नाही. मग मामा, काका, कोण तर असेल. त्यानं फाइल उघडून पुढं केली आणि गप्प उभा राहिला. आधारवर पत्ता संस्थेचा. अ‍ॅग्रीमेंटच्या फॉर्ममध्ये 'कायमचा पत्ता' म्हणून रकाना असतो, त्यात काय लिहायचं हे एजंटला पण कळेना, आणि पोलिसांच्या फॉर्मवर ओळखीच्या दोघांची नावं लागतात, त्यानं एक संस्थेतल्या स्वयंपाकीणबाईंचं दिलं आणि दुसरं आयटीआयच्या सरांचं.

नंतर वकिलांना विचारलं तेव्हा कळलं की अठरा पूर्ण झालेल्या माणसाला करार करायला बापाची सही लागतच नाही. ती आपली सवय आहे, कायदा नाही. आणि अडकायचंच म्हणाल तर 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 बघा, लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे आपला नेहमीचा भाडेकरार, लेखी करून रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची आहे, नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. आता हा फॉरवर्ड पाठवणाऱ्यांपैकी किती जणांचं अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर आहे ते त्यांनी हात वर करून सांगावं, ग्रुपवर नको, मनातल्या मनात.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी आल्याच, रिमांड होमचं पोरगं ठेवलंय म्हणे? आपल्याकडं सगळ्यालाच रिमांड होम म्हणतात. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांचं असतं ते निरीक्षणगृह, आणि काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलांचं असतं ते बालगृह, कायद्यात दोन वेगळी कलमं आहेत, 47 आणि 50. आणि निरीक्षणगृहातनं आलेल्यालासुद्धा कलम 24 मुळं त्या जुन्या गोष्टीवरून पुढं सहसा अपात्र ठरवता येत नाही. वहिनींना एवढं सगळं सांगितलं, त्या म्हणाल्या ते ठीक आहे पण कुलूप नीट लावत जा.

कुलपावरून आठवलं. खोली दाखवली तेव्हा त्यानं एकच प्रश्न विचारला, काकू, किल्ली माझ्याकडंच राहणार का? दहा वर्षांत त्याच्याकडं किल्ली म्हणून कधी नव्हतीच. पहिल्या आठवड्यात वरून करपल्याचा वास आला म्हणून गेले, तर पातेलंभर खिचडी, सात-आठ माणसं जेवतील एवढी. संस्थेत तो चाळीस जणांची खिचडी लावायला मदत करायचा, एका माणसाला तांदूळ किती घ्यायचे ते कधी शिकायची वेळच आली नव्हती. वाटीचं माप दाखवलं, उरलेली खिचडी बाकीच्या पाच खोल्यांनी संपवली. डिपॉझिट मी दहा हप्त्यांत घेतलं, महिना 1500, माझं काही नुकसान झालं नाही. आता तो कुपवाडला सीएनसी मशीनवर कामाला आहे, भाडं पाच तारखेच्या आत, नाइट शिफ्ट असली की जाताना किल्ली मात्र अजून माझ्याकडं ठेवून जातो.

चौदा वर्षांत माझं भाडं बुडवून एकच पोरगा पळालाय, चार महिन्यांचं, नळाची तोटीपण काढून नेली. त्याचे वडील स्वतः गाडीतून आले होते खोली बघायला, चांगले ऑफिसर, चहा घेतला, कायमचा पत्ता छापील कार्डावर दिला. त्यांचा फोन अजून लागत नाही.