लाइन गेली, लाइन लागली, लाइनीला लागला

दर काही महिन्यांनी तो मेसेज कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर उगवतोच. इंग्रजीत म्हणे 'सेट' या एवढ्याशा शब्दाचे ४३० अर्थ आहेत. खाली आ वासलेले इमोजी. एखादा जास्त वाचणारा असला की तो लगेच दुरुस्ती करतो: अहो, ऑक्सफर्डच्या कोशात आता 'रन' पुढे गेलाय, नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ. आणि मग हमखास कुणीतरी सुस्कारा सोडतं, आपल्या मराठीत असं कुठे!

का बरं? 'लागणे' घ्या की. पोराला नोकरी लागते, दहावीचा निकाल लागतो, बोअरला पाणी लागतं, घाटात बस लागते, दुपारी डोळा लागतो, कुणाची दृष्ट लागते, कुणी नात्याने मामा लागतो, फोन लागत नाही आणि शेवटी वाट लागते. मोजायला बसलं तर वही संपेल. आपण बसलो नाही, ते बसले. ऑक्सफर्डच्या कोशाची पहिली आवृत्ती १८८४ पासून भाग-भाग करत १९२८ ला पुरी झाली. त्या चिकाटीला दंडवत. पण आकडा कोशकारांच्या कष्टांचा आहे. त्यावरून आपली भाषा गरीब ठरवणं म्हणजे शेजाऱ्याने त्याच्या झाडाचे आंबे मोजले म्हणून आपल्या झाडाला आंबेच नाहीत असं धरून चालणं.

मला यापेक्षा दुसरीच गोष्ट मजेची वाटते. असा बहुअर्थी शब्द आपल्याकडे येतो तेव्हा सगळं बिऱ्हाड घेऊन येत नाही. निम्मे अर्थ वाटेत टाकतो, आणि इथे रुळल्यावर असे काही नवे धरतो की लंडनचा माणूस चक्रावून जावा. 'लाइन' हे माझं आवडतं उदाहरण.

मूळ लॅटिन. 'लिनम' म्हणजे जवस, आपण चटणी करतो ती अळशी. तिच्या खोडातल्या धाग्याचं कापड ते लिनन, आतून लावलेलं अस्तर ते लायनिंग, आणि ताणून धरलेला नुसता धागा ती लाइन. गळाची दोरी, कागदावरची रेघ, माणसांची रांग, कवितेची ओळ, नटाचं वाक्य, घराण्याचा वंश, जहाजांची कंपनी, हे सगळे अर्थ त्या धाग्याला लटकलेले. आपल्या गवंड्याच्या पिशवीत ओळंब्याशेजारी जी सुतळी असते तिला तो 'लाइनदोरी' म्हणतो. म्हणजे मुळावर जायचं तर दोरीदोरी! व्युत्पत्तीचं पुस्तक न उघडता त्याने शब्द जिथून आला तिथेच नेऊन बांधला.

इंग्रजीत या धाग्याला रक्तही लागलेलं आहे. अमेरिकी यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल इथल्या तुरुंगात कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली होती. कैद्याने ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचा. ती डेडलाइन. पुढे वर्तमानपत्रवाल्यांनी शब्द उचलला, आणि आज हिंजवडीत बसून आपण "डेडलाइन आहे रे, जेवायला येत नाही" म्हणतो. १९३२-३३ च्या दौऱ्यात ऑस्ट्रेलियन फलंदाजांच्या अंगावर चेंडू टाकायचा डाव गाजला तो बॉडीलाइन. तो रचणारा कप्तान डग्लस जार्डिन जन्माने मुंबईचा, मलबार हिलचा. (हे सांगताना अभिमान वाटावा की नाही, ते माझं अजून ठरलेलं नाही.)

आपल्याकडे लाइन आली ती सरकारचा हात धरून. छावणीत शिपायांच्या झोपड्या सरळ रांगांत असत, त्या लाइन्स. मुलकी साहेबांची वस्ती ती सिव्हिल लाइन्स. नागपुरात सिव्हिल लाइन्स अजून तोऱ्यात उभं आहे, आणि पोलीस लाइन टाकळीही आहे. पोलीस लाइन तर जिल्ह्याजिल्ह्यात. तिथे वाढलेली पोरं स्वतःला 'लाइनबॉय' म्हणवतात. बैठ्या चाळींच्या जागी इमारती आल्या, रांग मोडली, तरी लाइन ती लाइनच.

मग १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली. अंतर चौतीसेक किलोमीटर, पण त्याचा मुंबईच्या बोलीवर जो परिणाम झाला तो अजून ओसरलेला नाही. "कुठल्या लाइनला राहता?" हा प्रश्न लग्नाच्या बैठकीत पत्रिकेच्या आधी येतो. वेस्टर्न म्हटलं की एक चेहरा, सेंट्रल म्हटलं की दुसरा, हार्बर म्हटलं की क्षणभर शांतता. जात विचारायला संकोचणारी माणसं लाइन बिनदिक्कत विचारतात. मेट्रो आल्यावर कागदोपत्री 'मार्गिका' शब्द आला. शब्द सुबक आहे, मला आवडतो. पण गुंदवलीच्या जिन्यावरून कुणी घरी फोन करून "अगं, मी मार्गिका सातवर आहे" असं सांगताना ऐकलंत?

विजेचं त्याहून भारी. पुण्याकडे लाइट जाते, विदर्भ-मराठवाड्यात लाइन जाते. "रात्रीपासून लाइन नाही" हे वाक्य इंग्रजाला सांगून बघा, तो रेघ शोधत बसेल. खरं पाहता विदर्भाचं बरोबर आहे. दिवा जात नाही, तो तिथेच असतो, तारेतली वीज जाते. खांबावर चढणारा लाइनमन, कुठे त्याला वायरमन म्हणतात. महावितरणने त्याला 'जनमित्र' असं नाव दिलं. भावना उत्तम. पण रात्री डीपीवर ठिणगी उडाली की गाव ओरडतं ते "लाइनमनला फोन लाव" असंच. आणि तो म्हणतो, "लाइन बंद करून मग चढतो." तिथे चुकीचा शब्द जिवावर बेतू शकतो, म्हणून जो शब्द दोघांच्या तोंडी पक्का बसलाय तोच चालतो. यात मराठीचा अपमान वगैरे काही नाही.

टेलिफोनच्या लाइनीबद्दल फार लिहीत नाही. ज्यांनी ट्रंककॉल लावून "लाइन लागली की बोलावतो हं" हे वाक्य ऐकत बाकावर दुपार काढली आहे, त्यांना सांगायला नको.

पण या सगळ्या उसन्या लाइनी. खास आपल्या वेगळ्याच आहेत. "या लाइनीत पैसा नाही" म्हणजे धंदा. "पोरगं वाईट लाइनीला लागलं" म्हणजे व्यसन किंवा संगत. "त्याला लाइनीवर आणला" म्हणजे ताळ्यावर. "लाइन क्लिअर आहे" हा रेल्वेचा परवाना, तो आता काका बाहेर गेले आहेत एवढंच सांगतो. आणि लाइन मारणे! त्याच्या जोडीला लाइन देणे. नजरेची अशी देवघेव दोन क्रियापदांत बसवणारा कोण महाभाग होता ठाऊक नाही, पण त्याला व्याकरण येत होतं. मारणारा एकटा असतो, देणारी कबूल असते, आणि ही दोन क्रियापदं आपली असल्यामुळेच तो फरक कळतो.

आता माझं म्हणणं. आपण शब्द घेतो ते आपल्याकडे शब्द नसतो म्हणून, हे खरं नाही. रांग होती, ओळ होती, रेघ, तार, दोरी, सगळं होतं. शब्द येतो तो व्यवस्थेबरोबर. जी व्यवस्था बाहेरून आली तिच्याबरोबर लाइन आली, आणि जी आपली होती तिथे लाइनीला आत शिरता आलं नाही. पंढरपुरात आषाढीला लाखो माणसं तासन्‌तास रांगेत असतात, पण ती दर्शनबारी. "बारीला लागलोय" म्हणतात वारकरी. शेतात बघा. पेरणीला तास, काकरी, उसाला सरी. तिथे इतक्या रेघा असून लाइन नाही. त्याच शेतात नदीवरून पाणी उचलून आणलं, त्यासाठी कर्ज काढलं, की आली पाइपलाइन. ठिबक केलं की मेन, सबमेन आणि लॅटरल. बांध एकच, पण सरीतला मराठी आणि नळीतला इंग्रजी, आणि शेतकरी दोन्ही न अडखळता बोलतो.

उलटही होतं. सावरकरांचे महापौर आणि दिनांक रुजले, कारण ते पाटीवर आणि अर्जावर छापले गेले. नियंत्रण रेषा, दारिद्र्यरेषा हे शब्द वर्तमानपत्रांनी आणि सरकारी याद्यांनी रोज वापरले म्हणून टिकले. गंमत म्हणजे खेड्यात "त्याचं नाव दारिद्र्यरेषेत आहे" म्हणतात. रेषेखाली नाही, रेषेत! म्हणजे यादीत. यादीत नाव असणं हा लाभ असतो, मग रेषेला खाली-वर उरतंच कुठे. आपण घडवलेला शब्दही लोकांच्या हाती गेला की असा वळतो, तो अशुद्ध झाला म्हणून कुणी गळा काढत नाही.

तेव्हा 'लाइनला प्रतिशब्द सुचवा' ही स्पर्धा मला निरर्थक वाटते. कुठल्या लाइनला? रांग सुचवलीत तर वीज अडते, वाहिनी सुचवलीत तर पोरगं वाईट वाहिनीला लागतं, आणि ते तर घराघरात संध्याकाळी सातनंतर होतंच.

फक्त एका ठिकाणी माझी हरकत आहे, आणि तिथे मी हट्टी आहे. लिहिण्याची ओळ. "कवितेच्या पहिल्या दोन लाइन्स" असं मराठी कार्यक्रमात मराठी सूत्रसंचालक म्हणतात तेव्हा कानाला खडा लागतो. ही गोष्ट कुठल्या साहेबाने आणली नाही. अभंगाला चरण होते, ओवी होती, पाटीवर ओळी काढायला आजीने शिकवलं होतं. शिवाय ओळीचे आपले अर्थ आहेत. ओळीने बसा, ओळीने तीन दिवस पाऊस. पत्राच्या शेवटी "दोन ओळी लिही" असायचं, त्या 'दोन लाइनी' केल्या तर विनवणीचा नुसता निरोप होतो. व्यवस्था आपली, शब्द आपला, बदलायचं कारण निव्वळ आळस.

जाता जाता एक काम सांगतो. लाइट कुठवर जाते आणि कुठून पुढे लाइन जायला लागते, याचा नकाशा मला मनात नीट मांडता येत नाहीये. खानदेशात दोन्ही ऐकलंय, सोलापूरच्या पूर्वेकडेही. कमेंटमध्ये फक्त तालुका आणि काय जातं ते लिहा. कोकणवाल्यांनी "आमच्याकडे दोन्ही असतं कुठे" असं लिहू नये, ते आधीच गृहीत धरलंय.