फिजिक्स सोडण्याआधी सांगा

वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की महाराष्ट्रातल्या घराघरांत कटऑफ, कोटा आणि फी याशिवाय दुसरा विषय नसतो. त्यात परदेशी बोर्डातून शिकलेल्या मुलाचा उल्लेख निघाला की आवाज चढतात. 'पैसेवाल्यांची पोरं, एनआरआय कोट्यातून घुसतात,' हे आमचे नातेवाईकही फोनवर बोलून जातात. मी दुबईत नोकरी करतो, माझी मुले इथे वाढली. तरीही त्या रागाला आधार आहे, हे मी मान्य करतो. इनामदार खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगी महाविद्यालयांत जास्तीत जास्त १५ टक्के जागा अनिवासी भारतीयांना द्यायला परवानगी दिली, तीही खऱ्या अनिवासींना आणि गुणवत्ता पाहून. २०२४ मध्ये पंजाब सरकारने काका, मामा, आजी-आजोबा यांच्यापैकी कुणी परदेशात असले तरी चालेल, अशी व्याख्या सैल केली. ती उच्च न्यायालयाने रद्द केली आणि सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही फसवणूक आहे असे सुनावत सरकारचे अपील फेटाळले. लातूरला दोन वर्षे खोली घेऊन, सकाळ-संध्याकाळ क्लास करून मुलगा थोड्या गुणांनी मागे राहतो आणि पैशाच्या जोरावर दुसरा पुढे जातो. ते पाहून कुणाचेही रक्त तापेल.

पण आखातातली बहुतेक मराठी कुटुंबे त्या कोट्याच्या जवळपासही नसतात. हिशेबनीस, साइट इंजिनिअर, नर्स, दुकानातले व्यवस्थापक अशी ही माणसे. एनआरआय जागेची फी त्यांच्या पगारात बसत नाही. त्यांची मुले भारतीय पासपोर्टवर आहेत, नीट देतात आणि सरकारी महाविद्यालयांतल्या, देशभरातल्या मुलांसाठी खुल्या असलेल्या अखिल भारतीय कोट्यातल्या १५ टक्के जागांकडे डोळे लावून बसतात. त्यांची अडचण गुणांची नसते. आपण पात्र तरी आहोत का, हेच त्यांना वेळेवर कळत नाही.

इथल्या ब्रिटिश पद्धतीच्या शाळेत सोळाव्या वर्षानंतर, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या जागी असलेल्या दोन वर्षांच्या ए-लेव्हलला, मुले साधारण तीनच विषय घेतात. डॉक्टर व्हायचे असेल तर केमिस्ट्री, बायोलॉजी आणि तिसरा गणित, असा सल्ला सर्रास मिळतो. ब्रिटनमधल्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांसाठी तो बरोबरही आहे, कारण ती फिजिक्सचा आग्रह धरत नाहीत. भारतात मात्र बारावीच्या पातळीवर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी आणि जोडीला इंग्रजी असल्याशिवाय एमबीबीएसचे दार उघडत नाही. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या रचनेत तीन विज्ञान विषय एकत्र घ्यायला खास परवानगी लागते. आमच्याच इमारतीतल्या एका मुलीला फिजिक्सची अट कळली तेव्हा तिचे दुसरे वर्ष अर्धे संपले होते. हुशार पोर, पण वर्ष गेले.

विषय बरोबर असले तरी वेळापत्रक आडवे येते. परदेशी बोर्डाच्या मुलाला भारतीय विश्वविद्यालय संघाचे समकक्षता प्रमाणपत्र, म्हणजे त्याचे शिक्षण बारावीच्या बरोबरीचे असल्याचा दाखला, लागते आणि त्यासाठी अंतिम निकाल हवा. ए-लेव्हलचा निकाल ऑगस्टच्या मध्यात लागतो. २०२५ मध्ये अखिल भारतीय कोट्याची नोंदणी जुलैच्या उत्तरार्धातच सुरू झाली होती. मे महिन्यात नीट देऊन चांगली रँक मिळवलेले मूल अशा वेळी कागदासाठी धावत असते आणि आईबाप सुट्टी टाकून दिल्ली गाठतात.

फिजिक्सची अट काढून टाका, असे मी म्हणणार नाही. नीटच्या १८० प्रश्नांत फिजिक्सचे ४५ असतात, ते सोडवता आले पाहिजेत. प्रयोगशाळेत हात बसलेला असावा, ही अपेक्षाही रास्त आहे. पण नीटमध्ये फिजिक्स येते हे सिद्ध केलेल्या मुलाला गुणपत्रिकेवर तो विषय नाही म्हणून कायमचे परत पाठवणे मला पटत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये हे बरेच दुरुस्त केले. राहिलेला विषय बारावी झाल्यावर अतिरिक्त म्हणून उत्तीर्ण केला तरी चालेल, असे जाहीर केले. त्याआधी दोन वर्षे नियमित, सलग अभ्यास हवा, या अटीपायी कितीतरी मुलांचे अर्ज नाकारले गेले होते. निर्णय चांगला आहे. पण इथल्या किती शाळांच्या समुपदेशकांपर्यंत तो पोचला? मी विचारले त्यांपैकी एकालाही माहीत नव्हता.

नियम मध्येच बदलला की काय होते, हे ओसीआय कार्डधारकांनी, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांनी, पाहिले आहे. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने त्यांना फक्त अनिवासींच्या किंवा मंजूर संख्येवरच्या अतिरिक्त जागांपुरते मर्यादित केले. जी मुले वर्षानुवर्षे भारतात शिकली होती, तीही एका दिवसात सर्वसाधारण जागांमधून बाहेर झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तारखेआधी कार्ड मिळालेल्यांचा हक्क शाबूत ठेवला. धोरण बदलण्याचा अधिकार सरकारचा आहे, पण वाटेवर निघालेल्या मुलांना तो नियम लावू नये, हे खरे तर न्यायालयात जायच्या आधीच कळायला हवे होते.

मी राहतो तो देश आदर्श आहे असे मुळीच नाही. इथे जन्मलेल्या माझ्या मुलाचा इथल्या कोणत्याही जागेवर हक्क नाही, बापाची नोकरी गेली की व्हिसाही जातो. पण या देशातली बहुसंख्य डॉक्टर मंडळी बाहेरच्या पदव्या घेऊन आलेली आहेत आणि त्यामुळे परवान्याची नियमावली आधीच छापून ठेवावी लागली आहे: कोणत्या देशाची कोणती पदवी, किती अनुभव, कोणती परीक्षा. कागदपत्रांची खातरजमा थेट मूळ विद्यापीठाकडून होते. नकार मिळाला तरी तो विमानाचे तिकीट काढण्याआधी मिळतो.

महाराष्ट्राच्या ८५ टक्के जागांसाठी अधिवासासोबत दहावी-बारावीही राज्यातूनच झालेली असावी लागते. सीमाभागातल्या मराठी मुलांना त्यात वेगळी सवलत आहे. आमच्या मुलांसाठी तशी सवलत मागावी, असे इथल्या मंडळात अधूनमधून कुणी सुचवते. मी त्याच्या विरोधात आहे. राज्याने ती महाविद्यालये राज्यातल्या करदात्यांच्या पैशातून उभी केली, गावोगावच्या रुग्णालयांना डॉक्टर हवेत म्हणून. नांदेडला आजी राहते एवढ्यावर माझ्या मुलाने तिथल्या मुलाची जागा मागू नये.

मागणी याहून लहान आहे. ए-लेव्हल, आयबी, अमेरिकन डिप्लोमा, प्रत्येकासाठी कोणते विषय, कोणत्या पातळीला आणि प्रात्यक्षिकांसह किती, याचा एक तक्ता आयोगाने दरवर्षी प्रसिद्ध करावा आणि आखातातल्या भारतीय वकिलातींनी तो शाळांना पाठवावा. मूल अकरावीच्या पातळीला बसेल त्या वर्षीचा तक्ता त्याला शेवटपर्यंत लागू राहावा. आणि समकक्षता प्रमाणपत्र निकालाआधी तात्पुरते मिळावे, म्हणजे पहिल्या फेरीत नाव नोंदवता येईल आणि अंतिम गुणपत्रिका आली की ते पक्के करता येईल.