७०-० ची कुस्ती कोणाला बघायचीय?

गेल्या वर्षी ३० ऑगस्टला टेक्सास युनिव्हर्सिटीची टीम आमच्या कोलंबसला (ओहायो) आली होती, कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलची मॅच खेळायला. दुपारी बाराची मॅच, लाखभर माणूस, आणि स्कोअर किती तर १४-७. आमची युनिव्हर्सिटी ओहायो स्टेट जिंकली पण शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत माझ्या मागच्या रांगेतले आजोबा टोपी चावत उभे होते. त्यानंतर बरोबर आठवड्याने ग्रॅम्बलिंग स्टेट आली. ७०-०. तिसऱ्या क्वार्टरलाच लोक पोरांना काखोटीला मारून पार्किंगकडे निघाले. ग्रॅम्बलिंगचा बँड मात्र जगात भारी, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

संध्याकाळी आण्णांचा व्हिडिओ कॉल. आण्णा तरुणपणी तालमीतले, सांगलीकडच्या यात्रांमधे कुस्त्या मारलेले. स्कोअर सांगितला तर म्हणाले, "सत्तर शून्य? अरे समोरची टीम आलीवती का नाही? जोड बघून लावायची असते रे, असली कुस्ती लावली तर यात्रा कमिटीला लोक घरी जाऊन शिव्या घालतात."

आता आण्णांना कसं सांगू की इथे तीन कुस्त्यांची जोड पैलवान स्वतःच ठरवतो!

म्हणजे बघा, सीझनला मॅचेस १२. आमची टीम बिग टेन नावाच्या कॉन्फरन्समधे, म्हणजे युनिव्हर्सिटींच्या गटात, खेळते. त्यातल्या ९ ही कॉन्फरन्स लावून देते, राहिल्या ३, त्या कोणाशी खेळायच्या ते ज्याने त्याने बघायचं. आणि या तीनमधे तगडी टीम का घेत नाहीत म्हटलं की इथले लोक लगेच "घाबरट आहेत" म्हणतात. मीही म्हणायचो. पण जरा गणित मांडून बघितलं की कळतं, अर्ध्याहून जास्त भानगड कॅलेंडरची आणि तिकिटांच्या पैशाची आहे. मोठ्या युनिव्हर्सिटीच्या टीमला घरच्या मैदानावर वर्षाला ७ मॅचेस लागतातच, त्याशिवाय बाकीच्या खेळांचा खर्च निघत नाही. ९ कॉन्फरन्स मॅचेस म्हणजे एका वर्षी घरी ५, दुसऱ्या वर्षी ४. २०२५ ला आमच्या घरी ४ होत्या, म्हणजे बाकीच्या तिन्ही घरीच पाहिजेत, म्हणून टेक्सास त्या वर्षी आमच्याकडे आणि यंदा ५ घरी आहेत तर आम्ही त्यांच्याकडे. आता समोरच्या टीमचंही घर-बाहेरचं चक्र नेमकं उलटं पाहिजे, तारीख जुळली पाहिजे, आणि हे सगळं कधी ठरवायचं तर सात-आठ-दहा वर्षं आधी! तोपर्यंत कोच बदलतो, कॉन्फरन्स बदलते, आपल्याकडे सरकार बदललं की जुन्या योजनेचं जे होतं तेच होतं. नेब्रास्का आणि टेनेसीचं २०२६-२७ चं ठरलेलं होतं, २०२५ मधे नेब्रास्काने मोडलं.

उरलेल्या जागा मग पैसे देऊन भरायच्या. लहान टीमला चेक द्यायचा, ती येते, बहुतेक वेळा मार खाते आणि त्या पैशात त्यांचं स्पोर्ट्स डिपार्टमेंट चालतं. नुरा कुस्ती नाही हं ही, जिंकायला कोणी अडवलेलं नसतं. मिशिगनने २००७ मधे ॲपलेशियन स्टेटला ४ लाख डॉलर देऊन बोलावलं आणि ३४-३२ ने हरले (आम्ही कोलंबसवाले हे दर सप्टेंबरला आठवणीने काढतो). २०२४ मधे नोटर डेमने नॉर्दर्न इलिनॉयला १४ लाख दिले आणि घरच्या मैदानावर १६-१४ ने आपटले. पैसे देऊन मार खाल्ला!

पण खरा राग मला पुढच्या गोष्टीचा आहे. टेक्सास ९-३ वर (९ जिंकल्या, ३ हरल्या) संपली आणि १२ टीमच्या प्लेऑफमधून बाहेर. नॅशनल चॅम्पियन ठरवणाऱ्या या प्लेऑफच्या टीम एक कमिटी निवडते. त्यांचे कोच सार्कीशियन उघड बोलले की ओहायो स्टेटशी खेळलोच नसतो तर १०-२ असतो. आता खरं सांगायचं तर त्यांना आम्ही नाही, फ्लोरिडाने बुडवलं, ४-८ वाल्या टीमशी हरल्यावर रडायचं कशाला. पण शेड्यूल बनवणारा माणूस इतका बारीक विचार करत नाही, तो एवढंच बघतो की कोलंबसला जाऊन एक हार विकत घेतली.

आणि दुसरीकडे इंडियाना. ओल्ड डोमिनियन, केनेसॉ स्टेट, इंडियाना स्टेट, या तिघांशी खेळून सुरुवात, आणि शेवट १६-० करून नॅशनल चॅम्पियन. त्यांचे कोच सिग्नेटी तर हसत सांगत होते की आम्ही एसईसीचीच (टेक्सास आहे ती कॉन्फरन्स) शेड्यूलची पद्धत उचललीय. काय बोलणार, त्यांनी बिग टेनच्या फायनलला आम्हालाही १३-१० ने हरवलं, त्यामुळे आमची तोंडं बंद. त्यांची टीम खरंच भारी होती, पण बाकी सगळ्यांनी त्यातून धडा काय घेतला असेल? की तगड्याच्या नादाला लागूच नका.

एसईसी यंदापासून ९ कॉन्फरन्स मॅचेस खेळणार आणि शिवाय एक तरी तगडी टीम घ्यायची अट आहे, ते बरंच आहे. पण माझं म्हणणं आण्णांसारखंच, निवड पैलवानाच्या हातात ठेवूच नका. सप्टेंबरचा एक शनिवार राखून ठेवा, आदल्या वर्षीच्या नंबरप्रमाणे बिग टेन आणि एसईसीने पहिल्याला पहिला, पाचव्याला पाचवा अशी जोड लावून टाका. बास्केटबॉलमधे बिग टेन आणि एसीसी या दुसऱ्या कॉन्फरन्सने असली चॅलेंज १९९९ पासून २०२२ पर्यंत चालवली, कोणी मेलं नाही. आणि प्लेऑफच्या कमिटीने सीझन सुरू व्हायच्या आधी सांगावं की त्या शनिवारची हार किती धरणार. डिसेंबरात बंद खोलीत बसून नाही.

असो. यंदा १२ सप्टेंबरला ऑस्टिनला जातोय, मित्राचा सोफा बुक आहे. सोमवारी १४ ला गणपती. मखराचं काम माझ्याकडे आहे, आणि रविवारी रात्रीपर्यंत परत येतो एवढंच घरी सांगितलंय. तिकीट केवढ्याला पडलं ते विसर्जनानंतर सांगणार.