धोतरावरचे पाहुणे

फाल्गुनातली अमावास्या, गच्चीवर टांगलेलं पांढरं कापड, त्यावर जांभळा उजेड आणि अंगणातल्या कडुलिंबाच्या खोडाला फासलेलं गूळ, काळी पडलेली केळी अन् बिअरचं कालवण. एवढा सरंजाम बघून शेजाऱ्यांनी करणी सोडून दुसरं काय समजावं? पण निशाचर पतंगांचे फोटो काढायचे तर हेच लागतं. चांदण्यात आपल्या दिव्याला कुणी विचारत नाही, म्हणून अमावास्या. त्यांना अतिनील किरण दिसतात, म्हणून जांभळा दिवा. आणि जे दिव्याला भीक घालत नाहीत, ते आंबलेल्या गोडाला येतात. हे सगळं मी समोरच्या काकूंना नीट समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दाराला लिंबू-मिरची बांधली.

पांढरं कापड मिळवणं हे मात्र खरं दिव्य. सोलापूरच्या घरात चादरींना काय तोटा! मोराची आहे, चौकडीची आहे, पाहुण्यांसाठी राखलेली आहे. पांढरी एकही नाही. अखेर वडिलांनी नंदीध्वजाच्या मिरवणुकीतलं धोतर दिलं, "डाग पडला तर बघ" या अटीवर. पतंगांना ही अट कुणी सांगितली नव्हती.

पतंग दिव्यावर भाळतो, ही शायरांची समजूत. २०२४ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन सांगतं की उडणारे किडे पाठ उजेडाकडे ठेवतात. रात्री उजळ बाजू म्हणजे आभाळ, असा त्यांचा हिशेब. दिवा आडवा आला की बिचारे कलंडून त्याच्याभोवती गरगरत राहतात. कसलं प्रेम नि कसलं काय!

मग आला कण्हेरीवरचा तो हिरवा-गुलाबी देखणा पतंग. बसला आणि थरथरू लागला. उडण्याआधी तो पंखांचे स्नायू असे तापवतो. त्याचे तापले, माझा फोकस जुळेना. फोटोत नुसतं धोतर. पाल मात्र निवांत एकेक टिपत होती. तिला फ्लॅशही लागत नाही. खालून मित्र ओरडला, "काय करायलाव बे, एवढ्या रात्री?"

एक मातकट पतंग तेवढा स्पष्ट आला. सांगोल्याच्या दाजींना मोठ्या अभिमानाने फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला.

"हा तर आमच्या हरभऱ्यावरच्या घाटेअळीचा पतंग! याच्यासाठी जागलात? रानात कामगंध सापळे लावलेत आम्ही, मादीच्या वासाला भुलून नर पतंग आपसूक येऊन पडतात. या एकदा, पिशवीभर देतो."