डफड्याले भोक

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं खांदेमळणी असते. बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळायचं आणि म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायले या." यंदा मी ते म्हटलं आणि गोठ्याकडं पाठ करून तुरीच्या काडीनं कान कोरत बसलो. आमचा गोऱ्हा नवा. त्याला आवतण जरा जास्तच आवडलं असावं. मागून येऊन त्यानं अशी मायेची ढुशी दिली, की काडी कानात आजवर कधी गेली नव्हती तिथवर जाऊन आली.

'फट्ट' आवाज झाला आणि उजव्या कानात टिटवी ओरडायला लागली. बोटाला रक्ताचा थेंब लागला. बायको म्हणाली, "सतरा खेप सांगतलं, कानात काड्या घालू नोका." हे मात्र डाव्या कानानं स्वच्छ ऐकू आलं.

रात्री नाक शिंकरलं तर हवा थेट कानातून बाहेर पडली, तीही शिट्टी वाजवत. धाकट्या पोरानं स्वयंपाकघरात जाऊन कुकर पाहिला.

खेड्यात माणसाचा कान दुखला की गावभर तोंडं सुटतात. कोणी लसूण जाळून तेल आणलं, कोणी गोमूत्र सुचवलं. मी तेलाला मान तिरपी केलीच होती, पण बायकोनं वाटी हिसकावून मला दर्यापूरच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं पाठवलं. बरंच झालं. पडदा फाटलेला असताना कानात काहीही ओतायचं नसतं, ना तेल, ना पाणी. आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस, नाक जोरात शिंकरायचं नाही, आणि वाट पाहायची. लहान भोक बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरतं.

पण वाट पाहायला सवड कुठली? बाराव्या दिवशी कल्याणला साळ्याच्या पोरीचं साक्षगंध होतं. बायका आधीच रेल्वेनं जाणार होत्या. मला आणि माझ्या साडभाऊंना साळ्यानं बेलोऱ्याहून मुंबईच्या विमानाची तिकिटं काढून दिली होती. 2025 च्या एप्रिलमध्ये अमरावतीचं हे विमान सुरू झाल्यापासून मी त्याला फक्त खालून पाहत होतो. त्यात तिकीट फुकटचं! कानच काय, मुंडकं लटकलं असतं तरी मी ते धरून गेलो असतो.

पारावर मात्र माझं श्राद्ध उरकलं गेलं. "पडदा फाटला तं वरती डोक्यात हवा भरते बे," एकानं सांगितलं. डोक्यात जागा असल्याचं त्यानं मान्य केलं, एवढंच समाधान.

घाबरत घाबरत पुन्हा डॉक्टरकडं गेलो. ते हसले. "डफड्याले भोक पडलं तं त्यात हवा कोंडते का?" मग नीट सांगितलं. विमान कितीही उंच गेलं तरी आतल्या हवेचा दाब जास्तीत जास्त 8,000 फुटांवर असतो तितका उतरतो. म्हणजे चिखलदऱ्याच्या साधारण दुप्पट उंचीचा. घाटात कान बंद होतात, तोच प्रकार. पडद्याआडची हवा एका बारीक नळीनं घशाशी जोडलेली असते. चढताना ती सहज बाहेर निघते. उतरताना बाहेरचा दाब वाढतो, नळी उघडली नाही तर पडदा आत ओढला जातो, आणि माणसाला आई आठवते. गिळलं, जांभई दिली की नळी उघडते. सर्दी असली की ती सुजून बसते. "तुमच्या पडद्याले तं दारच आहे. खरं म्हणजे सर्दीवाल्यानं उडू नये."

हे शेवटचं वाक्य साडभाऊंना सांगायला हवं होतं. पण ते अकोटचे निवृत्त मास्तर, त्यात दोनदा विमानात बसलेले. त्यांना कोण सांगणार? ते बेलोऱ्याला आले तेच रुमाल नाकाला लावून.

विमान पंख्याचं. दोन खुर्च्या इकडं, दोन तिकडं. साडभाऊ खिडकीशी, म्हणजे नेमके माझ्या उजव्या कानाशी बसले. 'विमानात कान कसे सांभाळावे' हा विषय त्यांनी बेलोऱ्यापासून घेतला. त्या कानात कापूस, वर पंख्यांची घरघर. मी मान हलवत राहिलो. इतकं शांत व्याख्यान मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

मुंबई जवळ आली, विमान उतरू लागलं आणि व्याख्यान थांबलं. पुढच्या रांगेतलं लेकरू रडायला लागलं. बिचाऱ्याचे कान दुखत होते. मी वळून पाहिलं तर साडभाऊही त्याच वाटेवर. त्यांनी गोळी चघळली. जांभया दिल्या. शेवटी नाक दाबून, तोंड मिटून असा जोर लावला की डोळे चिंचोक्यासारखे बाहेर आले. आणि माझ्या कानात? काही नाही. दार उघडं, हवा आली, बसली. मी आलूबोंड्याचा उरलेला घास खात होतो.

"तुमाले काहीच होऊन नाही राह्यलं?" त्यांनी ओरडून विचारलं.

"सवय पाहिजे," मी म्हणालो.

साक्षगंधात ते उजवीकडून बोलणाऱ्याला 'काय?' म्हणत होते, डावीकडच्याला 'आँ?'. भटजींनी गोत्र विचारलं तेव्हा यांनी जेवणाची पंगत कधी आहे ते सांगितलं. मला मात्र बायकोनं मुद्दाम डाव्या बाजूला बसून दिवसभर कामं सांगितली.

रात्री हात धुताना साडभाऊंनी मला मोरीजवळ गाठलं. परतीचं तिकीट खिशातून काढून पाहिलं, परत ठेवलं, इकडंतिकडं बघितलं.

"खरं सांगा," ते हळूच म्हणाले, म्हणजे मांडवभर ऐकू जाईल इतकं हळू, "ते काडी तुरीची होती का पऱ्हाटीची?"